बुधवारची सभा आणि सर्व वयोगट: एकत्र बसावे की वेगवेगळे?

प्रश्न: पास्टरेट_सेक्रेटरी

सर्व बंधुभगिनींना सलाम.

आमची मंडळी पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात आहे. अहिल्यानगर, सोलापूर आणि जालना या जिल्ह्यांतून कारखान्यांतील नोकऱ्यांसाठी आलेल्या कुटुंबांनी ती उभी केली. रविवारच्या उपासनेला चर्च भरते, त्याविषयी तक्रार नाही. प्रश्न आहे तो बुधवारच्या सभेचा. ही सभा संध्याकाळी सात वाजता चर्चमध्ये भरते आणि तिला येणारी माणसे पुढच्या दोन बाकांवर मावतात. त्यांपैकी जवळजवळ सगळी निवृत्त झालेली आहेत. दोन गीते, शास्त्रवाचन (म्हणजे बायबलचे वाचन), पाळकसाहेबांचा संदेश, साखळी प्रार्थना (एकामागून एकाने करायची) आणि शेवटी आशीर्वाद, हा क्रम माझ्या लहानपणापासून बदललेला नाही. संदेश चांगला असतो. परंतु तो रविवारच्या संदेशासारखाच असतो, आणि ऐकणाऱ्याने मध्येच काही विचारावे किंवा आपले काही सांगावे यासाठी त्यात जागा नसते.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या मागील बैठकीत दोन सूचना आल्या. पहिली अशी की, बुधवारी सर्वांनीच चर्चमध्ये यावे, एक गीत आणि प्रार्थना एकत्र करावी आणि मग मुले, तरुण संघ, महिला मंडळ आणि पुरुष असे चार गट करून अभ्यासाला बसावे. दुसरी सूचना अशी की, चर्चमध्ये सभा न घेता मंडळीचे विभाग पाडावेत आणि प्रत्येक विभागाने आपापल्या भागातील एखाद्या घरी जमून आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र अभ्यास करावा. दोन्ही बाजूंनी ठासून बोलणारे लोक आहेत, आणि सचिव या नात्याने मला पुढील बैठकीत काहीतरी ठोस मांडायचे आहे.

अडचणी साध्याच आहेत. पाळकसाहेबांकडे आमच्याशिवाय आणखी मंडळ्या आहेत, त्यामुळे ते प्रत्येक गटाला पुरे पडणार नाहीत. काही घरांत कर्ता पुरुष तीन पाळ्यांत काम करतो. बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात आणि मराठी शास्त्र वाचताना अडखळतात, म्हणून चारचौघांत वाचायला लाजतात. शिवाय गृहसभा म्हटले की कोणाचे घर लहान, कोणाचे मोठे, हा प्रश्न येतोच. ज्यांच्या मंडळीत अशी सभा खरोखर चालते आहे, त्यांनी ती कशी चालते हे सविस्तर सांगावे, ही विनंती.

---

उत्तर: नगरी_मास्तर

सेक्रेटरीसाहेब, सलाम. मी निवृत्त शिक्षक असून आमच्या मंडळीत पंच म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. माझे मत स्पष्टपणे घरांच्या बाजूने आहे, आणि त्याची कारणे देतो.

आठवड्याच्या मध्यावर होणारी प्रार्थनासभा आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांतून रुजली. या मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला त्याचे ठाणे झाले. अमेरिकेतील त्यांच्या मंडळ्यांत अशी सभा भरतच असे. ती पद्धत त्यांनी इथे आणली. पण नगरकडच्या खेड्यांतील लोकांनी तिला जी आपली जोड दिली, ती मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे कीर्तन व भजन. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला जो आकार दिला आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगांची जी संपत्ती दिली, तिच्यामुळे शास्त्रातील कथा न वाचता येणाऱ्या माणसालाही पाठ झाली. कीर्तनाला वयोगट नसतात. लेकरू आईच्या मांडीवर झोपते, पोरे टाळ धरतात, म्हातारी माणसे ध्रुपद उचलतात आणि बुवा पूर्वरंगात जे सांगतात त्यातले ज्याला जेवढे झेपेल तेवढे तो घेतो. आज आपण वयाप्रमाणे वर्ग पाडतो ते शाळेच्या सवयीने. आणि शाळेत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मी सांगतो की, शाळेची प्रत्येक सवय घरात आणण्यासारखी नसते.

एकत्र बसल्याने काय साधते, याचे एक उदाहरण देतो. गेल्या सुगीच्या आसपास आमच्या विभागात बायबलमधील रूथचे पुस्तक घेतले होते. अध्याय चारच असल्यामुळे महिनाभरात ते पुरे होते, हाही त्याचा एक गुण. दुसऱ्या अध्यायात मवाबी रूथ बेथलेहेमात बवाजाच्या शेतात सरवा वेचते, हा भाग आला. शहरातल्या मुलांना सरवा ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. मी समजावून सांगायला सुरुवात करणार, तोच कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी बोलायला सुरुवात केली. कापणी झालेल्या रानात पडलेली बाजरीची कणसे आणि काढणीनंतर मातीत राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगा त्या आपल्या आईबरोबर वेचायला जात. मालक बांधावर उभा असला की निघताना ओचा सोडून दाखवावा लागे, कारण रचलेल्या गंजीतले काही उचलले नाही ना, हे त्याला पाहायचे असे. मग त्यांनी सोळावे वचन पुन्हा वाचायला लावले, ज्यात बवाज आपल्या गड्यांना पेंढ्यांतून काही कणसे तिच्यासाठी मुद्दाम गळू द्यायला सांगतो, आणि म्हणाल्या, "असा मालक आम्हाला एकच भेटला होता." त्यांचे बोलणे संपते न संपते तोच सहावीतल्या एका मुलाने विचारले की, बवाज श्रीमंत होता तर त्याने सरळ पोतेच का नाही दिले? त्यावर तासभर चर्चा झाली. शेताच्या कडा कापू नयेत आणि सरवा गरिबांसाठी सोडावा ही बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातील आज्ञा कोणीतरी काढली, एकाने मदत आणि मिंधेपणा यांतला फरक मांडला आणि आजी म्हणाल्या की, पोते दिले असते तर रूथ दुसऱ्या दिवशी त्या रानात तोंड दाखवायला आली नसती. चार वेगळ्या खोल्यांत चार गट बसले असते, तर मुलाचा प्रश्न आजींपर्यंत गेला नसता आणि आजींचा ओचा मुलापर्यंत आला नसता.

व्यवहाराचे काही नियम आम्ही अनुभवाने केले आहेत. एका गटात पाच-सहा कुटुंबांपेक्षा अधिक नकोत. सभा सव्वा तासात संपलीच पाहिजे. खाण्याच्या बाबतीत फक्त चहा, फार तर बिस्किटे. कारण पहिल्या वर्षी एका घरी पोहे झाले, दुसऱ्या घरी वडे झाले, तिसऱ्या घरी बिर्याणी झाली आणि चौथ्या घरच्या ताईंनी सभा आपल्याकडे नको म्हणून निरोप धाडला. फ्लॅट असेल तर शेजाऱ्यांना आणि सोसायटीला आधी सांगावे, स्पीकर लावू नये, चपला जिन्यात पसरू देऊ नयेत.

---

उत्तर: संडेस्कूलच्या_बाई

मास्तरांचे उदाहरण सुंदर आहे आणि मला ते पटतेही. तरीही मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने मत देणार नाही. मुंबईतील एका मेथडिस्ट मंडळीत मी संडे स्कूलचे काम पाहते, आणि मोठ्यांच्या सभेत "बसवून ठेवलेली" मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. सहावीतल्या मुलाने प्रश्न विचारला हे खरे, पण त्याच वेळी पहिलीतली त्याची बहीण काय करत होती? बहुधा आईच्या मोबाइलवर काहीतरी पाहत असावी. एकत्र बसण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी लहान मुलांना गप्प ठेवण्याचे काम दर वेळी आयांवर टाकू नये; तसे झाले की आई शरीराने सभेत असते, पण तिच्या कानावर काहीच पडत नाही.

आमच्याकडे मधला मार्ग आहे. पहिली वीस-पंचवीस मिनिटे सर्वजण एकत्र असतात. त्या वेळात गीत होते आणि त्या दिवसाचा भाग वाचला जातो, तोही शक्यतो संवादासारखा वाटून. मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्राचे पुस्तक, यासाठी फार चांगले आहे. सोळाच अध्याय, प्रसंग लहान आणि घडामोडी भराभर. वादळ शांत केल्याचा प्रसंग असेल तर एक निवेदक, एक जण येशूचे शब्द वाचणारा आणि बाकी सगळे शिष्य. मराठी वाचताना अडखळणाऱ्या मुलांना शिष्यांचे एखादे वाक्य आधीच सांगून ठेवले की, ती ते पाठ करून येतात, आणि चारचौघांत फजिती होण्याची भीती राहत नाही. त्यानंतर दहा-बारा वर्षांपर्यंतची मुले दुसऱ्या खोलीत जातात आणि त्याच भागावर चित्र, खेळ किंवा छोटे नाटुकले करतात. सर्वांनी एकच भाग घेणे हे यातले मुख्य सूत्र आहे, कारण मग घरी जाताना रिक्षात बोलायला सर्वांकडे एक विषय असतो. किशोरवयीन मुलांना मात्र महिन्यातून एकदा तरी त्यांचे स्वतःचे बसणे हवे. पंधरा वर्षांची मुलगी आपल्या वडिलांसमोर आणि वडिलांच्या मित्रांसमोर शंका विचारणार नाही, आणि ती विचारत नाही याचा अर्थ तिला शंका नाही असा नाही.

मुलांच्या सुरक्षिततेविषयी मी थोडी कडक आहे, त्याबद्दल रागावू नये. मुलांच्या खोलीत नेहमी दोन मोठी माणसे असावीत आणि ती एकाच घरातली नसावीत. दार उघडे असावे. सभा संपल्यावर कोणा "काकांनी" एकट्या मुलाला गाडीवरून घरी सोडू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलांवरील अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. "मंडळीची बदनामी नको" हे कारण तिथे चालत नाही. हे सर्व गृहसभांच्या पहिल्या बैठकीतच, कोणावर संशय नसताना, सांगून टाकावे, म्हणजे पुढे ते कोणाला लागत नाही.

पाळकसाहेब पुरे पडणार नाहीत याची आपल्याला काळजी वाटते. आमच्या परंपरेत याचे जुने उत्तर आहे. १७४२ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या लोकांवर सभागृहाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायची ठरले आणि सुमारे बारा-बारा जणांमागे एक पुढारी नेमला गेला. पुढारी घरोघरी पैसे मागायला जाऊ लागले आणि तिथे त्यांना दिसले की, एक आजारी आहे, एक दारूकडे वळला आहे, एका घरात भांडण आहे. कर्जाच्या वसुलीतून माणसांची विचारपूस सुरू झाली, आणि त्यातूनच मेथडिस्टांच्या क्लास मीटिंगची पद्धत बसली. तो पुढारी दीक्षित पाळक नसे, साधा कामकरी माणूस असे. तेव्हा आपण गटप्रमुख निवडताना कोण चांगले बोलतो हे पाहू नका. बुधवारी न आलेल्या घरी गुरुवारी कोण फोन करतो, हे पाहा. आमच्याकडचा सर्वांत चांगला गटप्रमुख एक अबोल इलेक्ट्रिशियन आहे.

---

उत्तर: वसईकर_०७

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझे लिहिणे आपल्याला थोडे बाहेरचे वाटेल. पण विषय जवळचा आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे लहान ख्रिस्ती समूहांची पद्धत आहे. मुंबईच्या महाधर्मप्रांतात तिला १९८० च्या दशकात जोर आला, तेव्हा वसई त्याच धर्मप्रांतात होती. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला. १९९० मध्ये बांडुंग येथे भरलेल्या आशियातील बिशपांच्या परिषदेनेही असे समूह हाच पुढचा मार्ग असल्याचे सांगितले. एका आळीतील शेजारी एकत्र येतात, म्हणजे गटाची निवड आपल्या आवडीने होत नाही. ज्याच्याशी बांधावरून वाद आहे, तोही त्याच गटात असतो.

आपल्याला उपयोगी पडेल ती वाचनाची पद्धत. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने ती तयार केली आणि ती सात पायऱ्यांची म्हणून ओळखली जाते. प्रथम एक जण साध्या शब्दांत प्रभूला सभेत बोलावतो. मग उतारा सावकाश वाचला जातो, आमच्याकडे बहुधा येत्या रविवारच्या मिस्सेचे (उपासनेचे) शुभवर्तमान. मग ज्याला जो शब्द किंवा जे वाक्य लागले असेल, ते त्याने फक्त मोठ्याने म्हणायचे. कारण सांगायचे नाही, भाष्य करायचे नाही. उतारा पुन्हा वाचून काही मिनिटे शांत बसायचे. त्यानंतर आपल्या मनाला काय भिडले ते सांगायचे, पण कोणी कोणाला उत्तर द्यायचे नाही, दुरुस्ती करायची नाही. सहाव्या पायरीला समूहाने या आठवड्यात काय करायचे ते ठरते: अमुक घरी आजारी आहे, त्याला डबा कोण देणार, रक्ताची गरज आहे तर कोण जाणार. शेवटी मोकळी प्रार्थना.

या पद्धतीत तज्ज्ञ लागत नाही, हा तिचा गुण, आणि अभ्यास कमी होतो, हा तिचा दोष. संदर्भ न पाहता मनाला येईल तो अर्थ लावला जाण्याची भीती राहते, म्हणून फादरांनी किंवा कोणी जाणकाराने अधूनमधून यावे लागते. वयाचा प्रश्न मात्र तिसऱ्या पायरीवर आपोआप सुटतो. आठ वर्षांच्या मुलालाही एक शब्द म्हणता येतो, आणि तो म्हटला की त्याचा सभेतला वाटा इतरांइतकाच असतो. आमचा अनुभव असा की, सहावी पायरी गाळली की समूह वर्षभरात विरतो; डबा पोचवायचा असेल तर माणसे पावसातही येतात.

---

उत्तर: सेकंड_शिफ्ट

तरुण संघाचा एक माजी पदाधिकारी म्हणून तरुण का येत नाहीत ते थोडक्यात सांगतो, कारण मोठ्या माणसांच्या बैठकीत ते कोणी सांगत नाही.

आम्हाला बोलावले जाते ते बहुतेक वेळा खुर्च्या मांडण्यासाठी, कीबोर्ड वाजवण्यासाठी आणि ध्वनियंत्रणा जोडण्यासाठी. काम करायला हरकत नाही. पण वचन उलगडण्याची वेळ आली की पुन्हा तेच दोन काका बोलतात. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. प्रार्थनेसाठी विषय सांगितला की तो आठवडाभरात मंडळीभर होतो. एका मित्राने नोकरी गेल्याचे विश्वासाने सांगितले होते. रविवारी तीन जणांनी त्याला चर्चच्या पायऱ्यांवर सल्ले दिले आणि एकाने त्याच्या सासऱ्यांना फोन केला. तो पुन्हा सभेला आला नाही. गटात ऐकलेले गटाबाहेर जाणार नाही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही, हा नियम पहिल्या दिवशी सर्वांनी मान्य केल्याखेरीज गृहसभा सुरू करू नये, असे माझे मत आहे. चर्चच्या बाकावर बसलेला माणूस काही लपवू शकतो, पण घरातल्या सतरंजीवर ते जमत नाही. म्हणून घराच्या सभेला हा नियम अधिक लागतो.

पाळीत काम करणाऱ्यांसाठी आम्ही शनिवारी सकाळी एक गट ठेवला आहे, त्यात तोच भाग घेतो. ऑनलाइन सभा लॉकडाउनमध्ये उपयोगी पडली आणि परगावी असणाऱ्यांसाठी आजही ठेवावी. परंतु घरी असलेल्या माणसाला फोनवरून हजर राहण्याची सोय दिली, तर तो येत नाही, एवढे पाहिले आहे. आणि वेळ पाळा. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले आणि युतुख खिडकीत झोपी जाऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, तरी तिथे त्याला उठवायला पौल होता.

---

पास्टरेट_सेक्रेटरी

सर्वांचे मनापासून आभार. युतुखाचा दाखला मी बैठकीत माझ्या नावावर खपवणार आहे, त्याची सेकंड_शिफ्ट यांनी परवानगी द्यावी.

मी पुढीलप्रमाणे मांडेन. लेंटपुरते, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात राखेच्या बुधवारापासून पवित्र सप्ताहापर्यंत, विभागवार गृहसभा घेऊन पाहाव्यात. या काळात लोकांना एरवीही घरोघरी सभांची सवय असते, त्यामुळे नवे काही लादल्यासारखे वाटणार नाही. सर्व गटांनी मार्काचाच भाग घ्यावा, आरंभ एकत्र करावा, लहान मुलांना नंतर बाईंनी सांगितलेल्या नियमांप्रमाणे वेगळे बसवावे, आणि पाळकसाहेबांनी दर आठवड्याला एकेका गटात जाऊन बसावे. संदेशासाठी नाही, ऐकण्यासाठी. चर्चमधील बुधवारची सभा बंद करू नये, असे मला वाटते. पुढच्या दोन बाकांवरची ती माणसे वर्षानुवर्षे आमच्या सर्वांच्या मुलाबाळांची नावे घेऊन प्रार्थना करत आली आहेत, आणि त्यांना न विचारता त्यांची सभा हलवणे बरे दिसणार नाही.

एक प्रश्न मात्र उरतो. एका विभागात बहुतेक कुटुंबे एका खोलीत राहतात आणि त्यांच्याकडे दहा माणसेही बसू शकत नाहीत. सभा सतत मोठ्या घरीच ठेवली तर ते यजमान आणि हे पाहुणे, असे कायमचे होऊन बसेल. यावर कोणी काही केले आहे का?

---

नगरी_मास्तर

केले आहे. जागा एकाची असली तरी सभेचा यजमान दुसरा असतो. ज्या कुटुंबाची पाळी असेल, त्यांनी गीते निवडायची, आरंभाची प्रार्थना करायची, दारात उभे राहून सर्वांचे स्वागत करायचे आणि चहा-साखरही त्यांनीच आणायची. घरमालकाने त्या दिवशी सतरंजीवर इतरांबरोबर बसायचे. उन्हाळ्यात आम्ही चाळीच्या अंगणात किंवा गच्चीवरही बसतो. आणि एका खोलीतल्या कुटुंबाने आपल्याच घरी सभा घेण्याचा आग्रह धरला, तर तो मोडू नका. दाटीवाटीने बसू, मुले पलंगावर चढतील आणि दोघे-तिघे दारात उभे राहतील, एवढेच. चर्चच्या बाकांवरील वडीलधाऱ्यांना मात्र कमिटीच्या बैठकीआधीच भेटून घ्या. गृहसभेत कोणते गीत कोणत्या चालीवर म्हणायचे, हे त्यांच्याशिवाय तुम्हाला कोणी सांगणार नाही.